आकडा आणि आकार

"त्याच्यावर २२ लिहिलंय. म्हणजे सव्वादोन हजार किलो. आपला गडी साठ किलोचा. मग कसली काळजी?"

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. एक ट्रेकिंग करणारा पुण्याचा मित्र, एक दुकानदार आणि एक माझ्या सासरचे अगदी जवळचे नातेवाईक (ते हे वाचणार आहेत, म्हणून नातं सांगत नाही!). तिघंही हुशार, तिघांचाही हेतू चांगला. पण तिघांचंही म्हणणं मला साफ अमान्य आहे. ते का, हे एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी सोलकढी वाढायला घेतं आणि विषय संपतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना आमच्या घरचं माहीत नाही त्यांच्यासाठी. सासरची वाडी आगरदांड्याची. मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीच्या काठाला. जेट्टीवरून गाडीसकट फेरीत बसलं की पलीकडे दिघी. मुंबई-पुण्याच्या लोकांना गाव माहीत असतं ते या फेरीमुळे, दिवेआगर-श्रीवर्धनला जाताना लागणारं म्हणून. पण गावाच्या नावातच 'आगर' आहे, आणि आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. घरातली बहुतेक मंडळी आता मुंबईत, ठाण्यात, एक शाखा न्यू जर्सीत. नारळ मात्र सगळ्यांना घरचेच लागतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. आमच्याकडेही पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. माड त्यातल्या त्यात टिकले, पण जे टिकले त्यातले कितीतरी कलले. त्या कललेल्या माडांवर आजही माणूस चढतो. पायात दोरीचा फास, कमरेला आकडी, आकडीत कोयता. बस्स. वर गेल्यावर एक हात झावळीच्या देठाला आणि दुसऱ्या हाताने कोयता. आमचे बाणवली माड वीस मीटरच्या वर गेलेले आहेत. म्हणजे साधारण सहा-सात मजली इमारत, गच्चीला कठडा नाही, आणि गच्ची वाऱ्यावर हलते.

तर यावर उपाय म्हणून घरातल्या एका उत्साही सदस्याने एक हार्नेस, थोडी दोरी आणि सहा कॅराबिनर वाडीवर पाठवले. सहाही एकाच आकाराचे, इंग्रजी 'डी'सारखे. "सगळ्यात मजबूत हाच असतो" असं दुकानदाराने सांगितलं म्हणून. सगळ्यांनी कौतुकाचे अंगठे दाखवले. मी प्रश्न विचारला, की यातला कुठला कुठे लावायचा आहे? त्यावर उत्तर आलं ते सुरुवातीला दिलंय.

मला या उत्तराचा राग का येतो ते सांगते.

कॅराबिनर म्हणजे काय, तर उघडझाप होणारी कडी. एका बाजूला अखंड धातूचा कणा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगवर मिटणारं दार, आणि दाराला कुलूप. हे नाव जर्मन भाषेतून आलं, घोडेस्वार सैनिक आपली बंदूक ज्या आकड्याला अडकवत त्यावरून. गिर्यारोहकांनी ती कडी सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उचलली. म्हणजे मुळात हासुद्धा एक आकडाच. आपल्या गड्याच्या कमरेला कोयत्यासाठी असते तशी आकडी. दुर्दैवाने मराठीत 'आकडा' म्हणजे संख्यासुद्धा, आणि आमची मंडळी कडी सोडून संख्येलाच लटकली आहेत.

चांगल्या कडीच्या कण्यावर एक नाही, तीन आकडे कोरलेले असतात. प्रत्येकाशेजारी एक छोटंसं चित्र असतं. पहिला आकडा लांबीच्या दिशेने, दार बंद असताना किती ओढ सोसेल त्याचा. दुसरा, कडी आडवी झाली आणि ओढ दारावर आली तर किती. तिसरा, दार उघडं राहिलं तर किती. सव्वादोन हजार किलो वगैरे जे आहे ते फक्त पहिल्या आकड्याचं. गिर्यारोहणाच्या कड्यांचं युरोपातलं मानक आहे, ईएन १२२७५. त्यात साध्या डी कडीला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन लागतात, आडवी झाली तर ७ आणि दार उघडं असेल तर ७. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोचा भार. म्हणजे दोन हजार किलोची कडी नुसती आडवी झाली की सातशे किलोची होते. तीच कडी, तोच धातू, तीच किंमत. बदलते ती फक्त ओढीची दिशा.

"सातशे किलो तरी कुठे कमी आहेत? गडी साठ किलोचा!"

हो, लटकलेला गडी साठ किलोचा. पडणारा नाही. शाळेतलं गणित आहे, करून बघा. माणूस आणि त्याचं सामान मिळून ८० किलो धरा. दोरी सैल होती, तो एक मीटर पडला (याला अर्धा सेकंदही लागत नाही), आणि न ताणणाऱ्या दोरीने त्याला दहा सेंटीमीटरमध्ये थांबवलं. सरासरी धक्का येतो साडेआठ किलोन्यूटनच्या वर. क्षणिक धक्का त्याहून मोठा. आता ती सातवाली आडवी झालेली कडी आठवा. पडण्याच्या धक्क्याने माणसाच्या शरीराचं काय होतं हा आणखी वेगळा विषय. धक्का शोषणाऱ्या उपकरणांच्या मानकात माणसावर येणारी ओढ ६ किलोन्यूटनच्या आत ठेवायची अट आहे, ती उगाच नाही. म्हणजे दोरी सैल राहू न देणं हे सगळ्या कड्यांच्या आधी. पण दोरी सैल राहू द्यायची नसेल तर ती चढता चढता सारखी आखूड करता आली पाहिजे, आणि इथेच कडीच्या आकाराचा प्रश्न येतो.

माड बुंध्याला जाड, वर बारीक. खोडाभोवती घेतलेली कमरेची दोरी बुंध्याशी बरोबर असेल तर वर गेल्यावर सैल पडणार. म्हणून झाडावर दोरीने काम करणारे लोक या दोरीचं एक टोक कायमचं एका कुशीला अडकवतात आणि दुसऱ्या कुशीला अशी गाठ ठेवतात जी हाताने सरकवता येते, पण भार आला की घट्ट बसते. ट्रेकिंगवाल्यांना प्रुसिक माहीत असेल, त्याच घराण्यातली. गाठीच्या खाली एक छोटी कप्पी असते, म्हणजे एका हाताने दोरी ओढली की गाठ आपोआप सरकते आणि दुसरा हात झाडावर राहतो. आता या कुशीच्या कडीत काय काय आलं बघा. गाठीच्या दोरीचा एक डोळा, मध्ये कप्पी, मग गाठीचा दुसरा डोळा. तीन वस्तू शेजारी शेजारी.

ही तीन माणसं डी कडीत बसवा. डीची सगळी करामत ही की तिचा आकार ओढीला कण्याकडे ढकलतो, दारापासून लांब. कणा अखंड, म्हणून कडी मजबूत. पण हे केव्हा, तर कडीत एकच बारीक वस्तू असेल आणि ती कण्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली असेल तेव्हा. प्रयोगशाळेत कडी अशीच बारीक पोलादी दांड्यांमध्ये अडकवून ओढतात, आणि तो २०-२२ चा आकडा तिथला आहे. तीन वस्तू असतील तर एक कोपऱ्यात जाते, दुसरी तिला दाबते, तिसरी दाराकडे लोटली जाते. कप्पी तिरकी होते आणि दोरी तिच्या कडेला घासते. गाठीचे दोन डोळे वरखाली होतात, त्यामुळे एकावर भार जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि गाठ कधी पकडते, कधी पकडत नाही. जी गाठ कधी पकडते आणि कधी पकडत नाही तिला झाडावर गाठ म्हणत नाहीत.

इथे लागते लंबगोल कडी. दोन्ही टोकांना सारखी गोलाई, त्यामुळे वस्तू मधोमध बसतात आणि मधोमधच राहतात. कप्पी सरळ राहते, गाठीचे डोळे सारखे ओढले जातात. आता तुमचा आकडा बघा. त्याच मानकात लंबगोल कडीला लांबीच्या दिशेने किमान १८ किलोन्यूटन पुरतात आणि दार उघडं असताना फक्त ५. डीपेक्षा कमी! कारण उघड आहे, लंबगोलात ओढ कणा आणि दार यांच्यात वाटली जाते, त्यामुळे दार उघडलं की अर्धा आधार गेला. म्हणजे दुकानात नुसता आकडा बघणारा माणूस लंबगोल कडी हातात घेऊन परत ठेवणार आणि डी घेणार. कागदावर जास्त मजबूत कडी घेऊन झाडावर कमी भरवशाची व्यवस्था करणार. माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

मग डी टाकून द्यायची का? अजिबात नाही. कमरेच्या दोरीचं जे टोक कायमचं अडकवलेलं आहे, जिथे एकच शिवलेला डोळा आणि एकच रिंग आहे, तिथे डीच हवी. तिथे तिची करामत पुरेपूर कामाला येते. अरुंद असल्यामुळे ती फारशी फिरत नाही, आणि फिरली नाही की आडवी होत नाही.

तिसरा आकार नासपतीसारखा. एक बाजू रुंद, एक अरुंद. याच्यावर 'एचएमएस' किंवा नुसता गोलात 'एच' कोरलेला असतो. ते एका लांबलचक जर्मन शब्दाचं लघुरूप आहे, आणि तो शब्द एका गाठीचा आहे, जिच्यातून दोरी घर्षणाने हळूहळू सोडता येते. गाठ दोन्ही बाजूंना उलटसुलट फिरते, त्यासाठी ही रुंद बाजू. आपल्याकडे हिचा उपयोग कुठे? माडावर कोणाला घेरी आली, गांधीलमाशी चावली, हात कापला, तर त्याला खालून दोरीने हळूहळू उतरवायला. हा विचार आमच्या कुठल्याही चर्चेत कोणी केलेलाच नाही! पडू नये म्हणून कडी, एवढंच डोक्यात. वर अडकलेल्या माणसाला खाली कोण आणणार? मुरूडहून अग्निशमनची गाडी वाडीच्या पायवाटेवरून आत येणार आहे का? तर एक नासपती प्रत्येक संचात हवीच. मात्र तीच सगळीकडे वापरू नका, कारण रुंदपणामुळे ती सहज फिरते आणि दोरीवर आडवी येऊन बसते. दुकानात हातात धरायला सगळ्यात छान वाटते ती हीच, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि एक जागा अशी आहे जिथे यातली कुठलीच कडी नको. खोडाभोवती फास आवळायचा असतो तिथे. नुसती सैल कमरेची दोरी घेऊन सरळसोट माडावर पाय निसटला तर दोरी माणसासकट खोडावरून घसरत बुंध्यापर्यंत येते. माडाला फांदी नाही, अडवणार कोण? म्हणून भार आल्यावर खोडाला आवळून बसेल असा फास लागतो. तो फास कॅराबिनरने केला तर कडी खोडाच्या गोलाईवर दाबली जाते, तिच्या पाठीत वाक पडतो, दार खोडावर घासतं, आणि वर ओढ दोन नाही तर तीन दिशांनी. कॅराबिनर दोन टोकांच्या ओढीसाठी केलेली असतात. फासासाठी अखंड पोलादी रिंग किंवा नुसती नीट मारलेली सरकती गाठ बरी. स्वस्तही पडते. (घ्या, खर्च वाचवायचा मार्गही मीच सांगितला.)

आता कुलुपाबद्दल. माझ्या ट्रेकर मित्राचं म्हणणं, स्क्रूचं कुलूप पुरे, सह्याद्रीत सगळे तेच वापरतात. वापरू देत. कातळावर ज्या कडीकडे तुम्ही बघत उभे असता तिथे स्क्रू ठीक आहे. झाडावर ती कडी कुशीला असते, नजरेच्या बाहेर. दोरी आणि खोड तिला दिवसभर घासतात, आणि घासून घासून स्क्रू उलटा फिरतो. म्हणूनच झाडांवर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जे मानक आहे (एएनएसआय झेड १३३) त्यात कडीचं दार स्वतःहून मिटणारं आणि स्वतःहून कुलूप लागणारं असावं, आणि उघडायला किमान दोन वेगवेगळ्या मुद्दाम केलेल्या हालचाली लागाव्यात असं म्हटलं आहे. बाजारात तीन हालचालींचीही मिळतात: बाही वर सरकवा, फिरवा, मग दार दाबा. झाडासाठी माझं मत याच तिहेरीला. चुकून तीन हालचाली कोणाकडून होत नाहीत.

यावर एक आक्षेप खरोखरच वजनदार आहे आणि तो मला वाडीवर चढणाऱ्या माणसानेच सांगितला, घरच्या कोणी नाही. तो म्हणाला, "ताई, हे आपोआप लागणारं कुलूप खाऱ्या वाऱ्यात आणि रेतीत आठ दिवसांत अडकणार. अर्धं लागेल आणि मला वाटेल लागलं." शंभर टक्के बरोबर. खाडी शंभर पावलांवर. ॲल्युमिनियमच्या कडीवर खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते, साध्या मुलाम्याच्या पोलादाला तांबेरा चढतो, आणि बाहीच्या आत गेलेली रेती स्प्रिंगला धरून बसते. याला उत्तर स्क्रू नाही (रेतीत स्क्रूसुद्धा अडकतो), उत्तर आहे गोडं पाणी. कामाहून आल्यावर कड्या गोड्या पाण्यात खळबळून, दार दहा वेळा उघडझाप करून, सावलीत वाळवायच्या. अधूनमधून बिजागरीला कोरडं वंगण. आणि वर दार मिटल्यावर 'टक' ऐकू आलं तरी बोटाने दाबून बघायचं. घरातल्या स्कूटरची काळजी याहून जास्त घेतली जाते.

धातूबद्दल एक गोष्ट आपल्याच वाडीची. परदेशी माहितीपत्रकांत झाडावरचा माणूस करवत घेऊन असतो. आपला गडी कोयता घेऊन असतो, धार लावलेला, आणि तो कोयता ज्या दोरीवर त्याचा जीव आहे तिच्यापासून हातभर अंतरावर फिरतो. नायलॉनच्या ताणलेल्या दोरीला असा कोयता नुसता लागला तरी पुरे. म्हणून खोडाभोवतीच्या दोरीत पोलादी तारेचा गाभा असलेली दोरी मिळते ती घ्यावी. तारेची दोरी घेतली की कड्याही पोलादी घ्या, कारण तार मऊ ॲल्युमिनियमला खाते. जड होईल, हो. चार-पाचशे ग्रॅम जास्त. माडावरून नारळाची अख्खी पेंड दोरीने उतरवणाऱ्या माणसाला तुम्ही चार-पाचशे ग्रॅमची काळजी सांगू नका.

आता मुख्य आक्षेप, जो कड्यांबद्दल नाहीच. "अगं, पिढ्यान्पिढ्या चढतायत. त्यांना सवय आहे. दोरी दिली तर उलट अडखळतील."

सवय आहे यात वादच नाही. पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन शेजारच्या पोफळीवर जाणारा माणूस मी बघितलाय आणि तसं कौशल्य मी कुठल्याही प्रस्तरारोहकात बघितलेलं नाही. मुद्दा असा की, ज्या पिढ्यांची साक्ष आपण काढतो त्यांतल्या पडलेल्या माणसांची गणती कोणी ठेवली आहे? प्रत्येक गावात एक तरी माणूस असतो, 'माडावरून पडला तेव्हापासून' असं ज्याच्याबद्दल बोलतात. त्याला कोणी साक्षीला बोलवत नाही. आणि चढणाऱ्यांची पुढची पिढी या कामात यायला तयार नाही ही तक्रार तर तुम्हीच करता. ती मुलं आळशी नाहीत. त्यांनी हिशेब केला आहे.

दोरीने वेग कमी होतो हेही खरं. पोफळीवर तर झोका घेऊन पलीकडे जाणं दोरीत शक्यच नाही. पण मग पोफळीवर चढायलाच हवं असं कुठे लिहिलंय? कर्नाटकात हलक्या कार्बन फायबरच्या लांब काठ्या घेऊन जमिनीवरूनच सुपारीचे घोस काढतात. माडासाठी केरळात कण्णूरकडच्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने केलेलं चढायचं यंत्र तर चांगलंच प्रसिद्ध आहे. पायाखाली दोन लोखंडी चौकटी, खोडाला तारेचे वेढे, एक पाय सैल, एक घट्ट, असं उभ्याउभ्या चढायचं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाने यंत्रावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात बायकासुद्धा शिकल्या. मंडळाची चढणाऱ्यांसाठी विमा योजनाही आहे. यंत्र मला पसंत आहे. पण यंत्र म्हणजे पायाखालची पायरी. वर गेल्यावर दोन्ही हात झावळ्यांत घालून कोयता चालवताना तोल गेला तर कमरेची दोरी वेगळी लागतेच, आणि ती दोरी पुन्हा कडीतच अडकवायची असते. फिरून आपण तिथेच.

खरं सांगू का, मला वाटतं या सगळ्या 'मजबूत कडी'च्या प्रेमामागे एक सोय आहे. मोठा आकडा विकत घेतला की आपली जबाबदारी संपते. आपण सव्वादोन हजार किलो दिले होते, पुढे त्याचं नशीब. आकार निवडायचा म्हटला की आधी विचारावं लागतं, तो चढतो कसा? दोरी कुठल्या कुशीला घेतो? डावखुरा आहे का? कोयता कुठे ठेवतो? उतरताना काय करतो? म्हणजे त्या माणसाशी बसून बोलावं लागतं, आणि तेही त्याच्या कामाबद्दल, मजुरीच्या दराबद्दल नाही. आमच्या घरात हे गेल्या कितीतरी वर्षांत कोणी केलेलं मी पाहिलं नाही. 'त्याला सांग शहाळी पण काढ' हे सगळ्यांनी केलंय. (सून जास्त बोलते असं म्हणायचं असेल तर म्हणा. वाडीच्या नारळाची चटणी मीही खाते, म्हणून बोलते.)

तर माझी मागणी अशी. ते सहा डी परत करता येत असतील तर करा, नसतील तर दोन ठेवा आणि बाकीचे ट्रेकला वापरा. एका माणसाच्या संचात तिहेरी कुलपाच्या दोन लंबगोल कड्या (एक कामाला, एक बदली), दोन डी, एक नासपती आणि एक अखंड पोलादी रिंग. शक्यतो कामाच्या सुरक्षेसाठीच्या ईएन ३६२ मानकाच्या, म्हणजे त्या रोजच्या राबण्यासाठी केलेल्या असतात. बॅगेला लावायच्या रंगीत कड्या, ज्यांच्यावर एकही आकडा नसतो, त्या वाडीवर दिसताच कामा नयेत. कुठल्याही कडीला दोरीने खाच पडली, दार नीट मिटेना, तर ती हातोड्याने मोडून टाकायची. नुसती फेकली तर दुसरा कोणी उचलून वापरतो. या सगळ्याची किंमत आपण दर दोन-तीन वर्षांनी बदलतो त्या मोबाइलपेक्षा जास्त होत नाही, आणि आपण घरं मोजली तर नऊ आहोत.

आणि हा संच वाडीचा नाही, चढणाऱ्याचा. त्याच्या नावाचा, त्याच्या घरी राहणारा. तो दुसऱ्याच्या वाडीवर गेला तर तिकडेही घेऊन जाईल, आणि जावाच. "मग आपले पैसे दुसऱ्याच्या वाडीला?" असा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. हो. त्याचा जीव आपल्या वाडीत आपला आणि दुसऱ्याच्या वाडीत दुसऱ्याचा असा वाटून घेतलेला नाही. शिवाय जी कडी रोज तोच वापरतो तिच्यातला बिघाड त्याच्याच बोटांना आधी कळतो.

पुढची काढणी महिन्याभरावर आहे. ती होण्याआधी कोणीतरी एकाने आगरदांड्याला जाऊन जमिनीपासून हातभर उंचीवर, लटकून, सगळी व्यवस्था त्या माणसाबरोबर करून बघायला हवी. मी जाणार आहेच, सोबत कोण येतंय ते कळवा. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी जरूर भांडावं, मला आवडेल. फक्त त्याआधी घरात असेल ती कडी हातात घ्या, चष्मा लावा आणि कण्यावरचे तिन्ही आकडे वाचा. पहिला नव्हे, तिन्ही.